थंडी वाजतेय, हे मुलांना सांगा

वेल्हे आणि भोरच्या गावांतली कितीतरी मुलं शिकून परदेशी गेली. त्यांच्यामागे आता आईवडीलही जाऊन येऊ लागलेत. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण हिवाळ्यात आलं, तर ऐन थंडीतही जावं लागतं. चार-सहा महिने मुक्काम होतो. मुलांच्या मनात असतं, आईबाबांनी जन्मभर राबून आपल्याला शिकवलं, आता त्यांना काहीतरी दाखवू. मग एक दिवस ती सांगतात, "शनिवारी मॅचला जायचंय. बर्फावरची हॉकी, उघड्या स्टेडियममध्ये. तिकिटं काढलीत."

अवश्य जा. असा खेळ आपल्याकडे सहसा बघायला मिळत नाही. मुलांबरोबरचा तो दिवसही आयुष्यभर लक्षात राहील. पण तयारीनं जा. हे लिहितोय ते एवढ्यासाठीच.

ही मॅच असते तरी काय

बर्फावरची हॉकी एरवी बंदिस्त हॉलमध्ये खेळतात. बसायच्या जागी बेताचीच थंडी असते. पण दर हिवाळ्यात काही मोजक्या मॅच मुद्दाम उघड्यावर ठेवतात. त्यासाठी अमेरिकी फुटबॉलचं किंवा बेसबॉलचं मोठं स्टेडियम घेतात. मैदानावर गारवा देणारे पत्रे अंथरतात, त्यावर थोडं थोडं पाणी मारत बर्फाचा थर गोठवतात. त्याच बर्फावर व्यावसायिक संघ खेळतात.

उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगचा असा एक गाजलेला सामना २२ नोव्हेंबर २००३ला कॅनडात एडमंटनला झाला. पारा शून्याखाली १८च्या आसपास होता. तरी ५७ हजारांवर माणसं बसून होती. २००८पासून नवीन वर्षाच्या सुरुवातीला अशी मॅच ठेवायची पद्धत पडली. १ जानेवारी २०१४ला मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या फुटबॉल स्टेडियमवर भर बर्फवृष्टीत १,०५,४९१ प्रेक्षक आल्याची नोंद झाली. आपली मराठी माणसं जिथं मोठ्या संख्येनं राहतात, त्या न्यू जर्सीत फेब्रुवारी २०२४मध्ये लागोपाठ दोन दिवस अशा दोन मॅच झाल्या. दुसऱ्या दिवशी पाऊण लाखाहून जास्त लोक होते.

म्हणजे गर्दी मोठी, थंडी कडक आणि बसणं उघड्यावर. या तिन्हीची तयारी करायची.

आपल्याला थंडीची सवय आहे, असं धरून चालू नका

तुम्ही म्हणाल, थंडीचं आम्हाला काय सांगता? तोरण्याच्या पायथ्याला जन्म गेला. भरपावसात इरलं घेऊन भातलावणी केली.

खरं आहे. पण जरा आठवून बघा. लावणी चालू असते तोवर गारठा लागत नाही. पाय चिखलात असतात, पाठ भिजलेली असते, पण हात चालू असतात. तेच भाकरी खायला बांधावर टेकलात, की थोड्याच वेळात हुडहुडी भरते. पाऊस तोच, वारा तोच. फक्त अंगाची हालचाल थांबलेली असते.

मॅच बघणं म्हणजे तीन तास बांधावर बसणं. आणि तिथली थंडी शून्याखालची असू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वय वाढलं, की शरीर ऊब कमी तयार करतं. थंडी अंगात शिरतेय हे कळतंही उशिरा. तरुण मुलगा शेजारी हसत बसलाय, म्हणून तुम्हालाही तेवढंच सोसेल, असं नाही.

तिकीट काढण्याआधी

मुलांनी अजून तिकीट काढलं नसेल, तर हे सांगा.

पुढच्या रांगेचा हट्ट नको. आपल्याला वाटतं, पैसे जास्त म्हणजे जागा चांगली. इथं तसं नाही. बर्फाचा आखाडा २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतो. तो मोठ्या मैदानाच्या मधोमध असतो. त्याच्याभोवती उंच फळ्या आणि काच असते. खालच्या रांगेतून त्या फळ्याच दिसतात. थोडं वर बसलं, की सगळा खेळ नजरेत येतो.

पण अगदी वरही नको. तिथं वारा झोंबतो आणि पायऱ्या फार. गुडघे दुखत असतील तर मधल्या उंचीची, आत यायच्या वाटेजवळची जागा बघायला सांगा. जिना नसलेल्या आणि व्हीलचेअरच्या जागा वेगळ्या असतात. त्या आधीच मागाव्या लागतात. मागायला लाजू नका.

तान्ह्या बाळाला नेऊ नका. त्याला थंडी सांगता येत नाही. गोल झाला की मोठा भोंगा वाजतो, कधी फटाके उडतात. बाळ दचकतं. बाळाजवळ घरी कुणीतरी थांबावंच लागेल. आजीला थांबायचं असेल तर तिला थांबू द्या. तिनं टीव्हीवर मॅच बघितली तर तिचं काही हुकत नाही.

औषधपाणी

हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा मधुमेह असेल, तर हिवाळ्यात परदेशी निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा, "कडक थंडीत दोन-तीन तास उघड्यावर बसलं तर चालेल का?" थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. दम्याच्या माणसाला गार हवेनं धाप लागते. डॉक्टर नको म्हणाले, तर मुलांना तसं साफ सांगा.

मधुमेह असेल तर पायांची काळजी दुप्पट. पायाला जाण कमी असेल, तर बोटं गारठली तरी कळत नाही. इन्सुलिन बरोबर घेतलं तर ते आतल्या कपड्याच्या खिशात, अंगाशी ठेवा. ते गोठलं तर वापरायचं नाही.

गोळ्या वेळेच्या हिशोबानं आणि थोड्या जास्त घ्या. मॅचची वेळ बदलू शकते. १ जानेवारी २०११ला पिट्सबर्गच्या फुटबॉल स्टेडियममधली मॅच दुपारी एकला होती. पावसामुळे ती रात्री आठला सुरू झाली. असं काही झालं, तर रात्रीची गोळी घरी राहिलेली नको.

अंगावर काय घालायचं

एक जाड कोट घालून भागत नाही. कपडे एकावर एक घाला.

अंगाला लागून थर्मल. तो सुती नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग गार पडतो. त्यावर लोकरीचा स्वेटर. सगळ्यात वर वारा आणि पाणी आत न येऊ देणारं जाकीट. खालीही तसंच, थर्मल आणि त्यावर जाड पँट.

आयाबायांना एक विनंती. त्या दिवशी साडीचा आग्रह नको. साडीचा घोळ ओला होतो, पायऱ्यांवर पायात येतो, आणि खालून वारा शिरतो. थर्मलवर सुनेची किंवा लेकीची सैलसर पँट घाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हजारो माणसं जमतात, कुणी कुणाचे कपडे बघत नाही.

कानटोपी कान पूर्ण झाकणारी हवी. मफलर नाकापर्यंत घेता आला पाहिजे. हातमोजे बोटं एकत्र राहणारे असले, तर हात जास्त उबदार राहतात.

पायांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. लोकरीचे पायमोजे आणि पाणी न शिरणारे बूट घाला. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नका. बूट आवळला, की रक्त फिरत नाही आणि पाय उलट लवकर गारठतो. आत बोटं हलली पाहिजेत. पायात जोडवी असतील तर बूट घालून घरातच दहा मिनिटं चालून बघा. जाड मोज्यात जोडवी रुततात. रुतत असतील तर त्या दिवसापुरती काढून ठेवा.

बसायला जाड घडीचं पांघरूण न्या. अशा काही स्टेडियममध्ये बाकं धातूची असतात आणि ती अंगातली ऊब ओढून घेतात. खाली सिमेंटही तसंच. त्यावर साध्या खोक्याचा जाड पुठ्ठा टाका आणि त्यावर पाय ठेवा. पुठ्ठा फुकट मिळतो आणि पाय वाचवतो. स्टेडियम पुठ्ठा आत नेऊ देतं का, तेवढं मुलांना आधी बघायला सांगा.

हात गरम ठेवायच्या लहान पुड्या तिथं दुकानात मिळतात. त्या थेट कातडीला लावू नका. मोज्याच्या किंवा कापडाच्या बाहेरून ठेवा, नाहीतर भाजतं.

बरोबर काय न्यायचं

आपली नेहमीची कापडी पिशवी घरी ठेवा. अमेरिकेतल्या फुटबॉल स्टेडियममध्ये बहुतेक ठिकाणी आतलं सगळं दिसेल अशी प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवीच चालते. तिचं मापही ठरलेलं असतं, साधारण १२ इंच लांब, १२ इंच उंच आणि ६ इंच रुंद. हाताच्या पंजाएवढा बटवा वेगळा चालतो. दुसरी पिशवी नेली, तर दारातून परत गाडीपर्यंत जावं लागतं, आणि गाडी बरीच लांब उभी असते.

घरचं खाणं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. मुलांना त्या स्टेडियमचा नियम बघायला सांगा. थर्मास सहसा आत सोडत नाहीत. म्हणून घरून पोटभर गरम जेवून निघा. वरणभात, भाकरी, जे सोसतं ते. रिकाम्या पोटी थंडी जास्त लागते.

आत गरम कॉफी, चहा, दुधातलं चॉकलेट मिळतं. मांसाहार करत नसाल तर मुलांना विचारूनच खा. बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि बेकरीचा खारा पाव बहुतेक ठिकाणी असतो. दारूनं ऊब येते म्हणतात, ते खोटं आहे. दारू प्यायल्यावर अंग गरम वाटतं, पण ऊब कातडीतून निघून जाते.

लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. कितीतरी म्हातारी माणसं असं करतात. त्यानं चक्कर येते. पाणी प्या आणि जायचं तेव्हा जा. खेळ चालू असताना गेलात, तर रांग कमी असते. मधल्या सुट्टीत सगळेच उठतात. एवढे कपडे काढायला आणि घालायला वेळ लागतो, हेही धरा.

एक चिठ्ठी खिशात ठेवा. त्यावर इंग्रजीत तुमचं नाव, मुलाचं नाव, त्याचा फोन नंबर, दाराचा नंबर आणि आसनाचा नंबर लिहून घ्या. हल्ली तिकिटं फोनमध्येच असतात, आणि सगळी मुलाच्या फोनमध्ये. चुकामूक झाली तर तुमच्या हातात काहीच नसतं. चिठ्ठी असेल, तर कुठल्याही कर्मचाऱ्याला दाखवता येते. एवढी इंग्रजी नाही आली तरी चालतं.

फोन आतल्या खिशात ठेवा. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.

खेळ कसा बघायचा

खेळ कळला तर वेळ बरा जातो. म्हणून थोडक्यात सांगतो.

एका संघाचे एका वेळी सहा जण असतात. त्यातला एक गोलरक्षक. चेंडू नसतो. रबराची काळी चकती असते, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. ती काठीनं ढकलत समोरच्या जाळ्यात घालायची. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. मध्ये दोन सुट्ट्या. सगळं धरून अडीच-तीन तास लागतात. बरोबरी झाली तर आणखी थोडा वेळ.

चकती लांबून दिसत नाही. तिच्यामागे डोळे ताणू नका. खेळाडू कुठं धावतात ते बघा, नाहीतर मोठ्या पडद्यावर बघा. खेळाडू सारखे बदलतात, ते खेळाचंच अंग आहे. कुणी चूक केली तर पंच त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात. तेवढा वेळ त्याच्या संघाला एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं. त्या दोन मिनिटांत गोल व्हायची संधी जास्त असते, तेव्हा नीट बघा.

कधी दोन खेळाडू हातमोजे फेकून मारामारीला उतरतात. घाबरू नका. पंच सोडवतात आणि दोघांना शिक्षा करतात. सुरुवातीला राष्ट्रगीत होतं. एक संघ कॅनडाचा आणि दुसरा अमेरिकेचा असेल तर दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात. सगळे उभे राहतात आणि टोपी काढतात. तुम्हीही तेवढ्यापुरती काढा आणि लगेच घाला.

बसून राहू नका

दर दहा-पंधरा मिनिटांनी पायाची बोटं हलवा. मुठी उघडा, मिटा. दोन्ही सुट्ट्यांमध्ये उठाच. आसनांच्या मागं, जिन्याखाली दुकानांची वाट असते. तिथं वारा कमी लागतो. तिथं फिरा, काहीतरी गरम प्या.

मनाशी असं ठरवा, की पहिल्या सुट्टीत स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. पायाची बोटं जाणवतात का? कोटाची चेन स्वतः लावता येते का? फिरल्यावर, गरम प्यायल्यावर थरथर थांबते का? एकाचंही उत्तर नाही असलं, तर परत आसनावर जायचं नाही. घरी निघायचं. बहुतेक ठिकाणी एकदा बाहेर पडलं, की परत आत सोडत नाहीत. म्हणून बाहेर जायचं ते घरी जायचं, हे लक्षात ठेवा.

थंडी अंगात शिरली तर

बोटं, नाक किंवा कान बधिर झाले, कातडी पांढरट किंवा मेणासारखी दिसली, तर ती गोठू लागली असं समजा. चोळू नका. शेकोटी, हीटर किंवा उकळत्या पाण्याजवळ नेऊ नका, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. आत उबेला जा. बोटं बगलेत धरा. घरी पोहोचल्यावर कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

माणूस सारखा थरथरतोय, बोलताना अडखळतोय, झोपाळू झालाय, विसरल्यासारखं करतोय, तर जास्त काळजीची गोष्ट आहे. थरथर आपोआप थांबली आणि माणूस गप्प झाला, तर ते बरं लक्षण नव्हे. स्टेडियममध्ये प्रथमोपचाराची जागा असते. लगेच तिकडे न्या, नाहीतर तिथल्या तातडीच्या मदतीच्या ९११ या नंबरला फोन करा. छातीत दुखलं, डावा हात भरून आला, धाप लागली, तरी तेच करा. मॅच संपायची वाट बघू नका.

निघण्याआधी प्रवासाचा आरोग्य विमा काढलेला असू द्या. जुने आजार त्यात धरलेत का, हे नीट वाचून घ्या. तिथला दवाखाना फार महाग असतो. खर्चाच्या भीतीनं माणूस दुखणं लपवतो, आणि ते अंगाशी येतं.

परतताना

मॅच संपली, की सगळे एकदम उठतात. तुम्ही थोडं थांबा. गर्दी ओसरू द्या. पायऱ्या उतरताना कठडा धरा.

गाडी लावायच्या जागी जमिनीवर पातळ बर्फ असतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो आणि पाय सटकतो. हात खिशात घालून चालू नका. लहान पावलं टाका, पाऊल सपाट टेकवा. मुलाचा हात धरा. या वयात खुब्याचं हाड मोडलं, तर सावरायला पुढचे कितीतरी महिने जातात.

आणि आता मुख्य गोष्ट

कपडे मिळतात, पुठ्ठा मिळतो. अडचण वेगळीच असते. आपण बोलत नाही.

मुलानं एवढे पैसे घातले. सून किती दिवस तयारी करत होती. नातवंडं खूश आहेत. आपल्यामुळे त्यांचा विरस कशाला? म्हणून आपण म्हणतो, "नाही रे, मला काही थंडी वाजत नाही." दात वाजत असतात, पाय बधिर झालेले असतात, आणि आपण हसत बसतो. शेतात, घरात, आजारपणात आपण जन्मभर हेच केलं. सोसलं आणि गप्प बसलो.

इथं सोसू नका. मुलानं तुम्हाला सुख द्यायला नेलंय. तुम्ही आजारी पडलात, तर त्याला तिकिटाच्या पैशांचं काही वाटणार नाही. पण आईला माझ्यामुळे त्रास झाला, ही बोच त्याला कायम राहील. तुम्ही अर्ध्यावर उठलात, तर वाया गेलं ते फक्त तिकीट. ते त्याला परवडतं.

मुलांनो, तुमच्या हाती हा कागद पडला, तर तुम्हीही ऐका. आईबाबा विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. "थंडी वाजतेय का?" असं विचारलंत, तर उत्तर नाहीच येणार. त्यापेक्षा त्यांचा हातमोजा काढून बोटं हातात घेऊन बघा. आणि त्यांनी मागायच्या आधी तुम्हीच म्हणा, "चला, मला बस झालं. घरी जाऊन चहा घेऊ."

तुम्ही, आईवडिलांनी, एवढंच करा. पुढच्या वेळी मुलांचा फोन आला, की विचारा, मॅच किती वाजता आहे, जागा कुठं आहे, पायऱ्या किती आहेत, पिशवीचा नियम काय आहे. मग एक वाक्य तुमच्या बाजूनं सांगून टाका, "मला सोसलं नाही तर मी बोलेन, आणि मी बोलले की आपण उठायचं." बाबांनीही हेच सांगावं. हे आधी ठरलेलं असलं, की तिथं कुणाची मर्जी मोडत नाही आणि कुणाला वाईटही वाटत नाही. तेवढं ठरवा, पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि खुशाल मॅचला जा.